संप्रेरके, जनुके आणि स्तनाचा कर्करोग

गाय व्याली की काही महिने दूध देते आणि मग आटते. ती लवकर आटू नये म्हणून काही देशांतील पशुपालक पूर्वी एक विचित्र उपाय करीत असत. गाय व्याल्यानंतर ते तिचे अंडाशय कापून काढीत. मग ती पुष्कळ दिवस दूध देत राही. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी तरुणपणी दुग्धस्रवण या विषयावर प्रबंध लिहिला होता, तेव्हा ही माहिती त्यांच्या वाचनात आली. अंडाशय असतात पोटात आणि दूध तयार होते कासेत. मग एका इंद्रियाची सत्ता दुसऱ्या, दूरच्या इंद्रियावर कशी काय चालते? हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

१८९५ साली त्यांच्याकडे ३३ वर्षांची एक स्त्री आली. तिच्या स्तनाचा कर्करोग शस्त्रक्रिया करूनही परत उद्भवला होता आणि नेहमीचे सर्व उपाय संपले होते. बीटसन यांनी जूनमध्ये तिचे दोन्ही अंडाशय काढून टाकले. स्तनाला हातही लावला नाही. काही महिन्यांतच छातीवरच्या गाठी विरघळून गेल्या! १८९६ साली त्यांनी ही हकिकत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. लक्षात घ्या, ‘हार्मोन’ हा शब्द तोवर जन्मलाच नव्हता. तो इंग्रज शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली वापरात आणला. आपण मराठीत त्यालाच संप्रेरक म्हणतो. एका ग्रंथीत तयार होऊन रक्तातून दूर जाणारा आणि तेथील पेशींना हुकूम देणारा रासायनिक निरोप्या, असा त्याचा अर्थ. अंडाशयातील या निरोप्याचे नाव इस्ट्रोजेन.

ही स्त्री कायमची बरी झाली नाही. काही वर्षांनी रोग उलटला व त्यातच ती गेली. शिवाय इतर डॉक्टरांनी हाच उपाय करून पाहिला तेव्हा साधारण तीन रुग्णांपैकी एकीलाच गुण येतो, असे १९०० च्या सुमारास दिसून आले. बाकीच्या दोघींना का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर मिळायला साठ वर्षे लागली, आणि ते मिळाले अणुविज्ञानाच्या मदतीने.

शिकागो विद्यापीठातील एलवुड जेन्सन यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या शेवटी इस्ट्रॅडिऑल या प्रमुख इस्ट्रोजेनच्या रेणूतील काही हायड्रोजन अणूंच्या जागी ट्रिटियम बसविले. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी भाऊ आहे. त्याच्या केंद्रकात एक प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन असतात, तो बीटा कण सोडतो आणि त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे १२.३ वर्षे आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने रेणू तोच राहतो, पण आता तो जेथे जाईल तेथून खूण पाठवितो. हे इस्ट्रॅडिऑल जेन्सन यांनी उंदरांच्या लहान माद्यांना टोचले. स्नायूंत आणि रक्तात ते आले तसे निघून गेले. गर्भाशयात मात्र ते तासन् तास ठाण मांडून बसले. याचा अर्थ तेथील पेशींत त्याला धरून ठेवणारे काही तरी असले पाहिजे. ते म्हणजे ग्राही प्रथिन. ज्या पेशीत ग्राही आहे तिलाच निरोप ऐकू येतो. आकाशवाणीच्या लहरी सगळ्यांच्या घरातून जातात, पण गाणे रेडिओ असलेल्या घरातच वाजते, तसेच हे.

स्तनाच्या काही गाठींत हा ग्राही भरपूर असतो, काहींत मुळीच नसतो. युरोप-अमेरिकेत सुमारे सत्तर टक्के गाठींत तो सापडतो, भारतात हे प्रमाण त्याहून थोडे कमी आढळते. ग्राही असला म्हणजे गाठ इस्ट्रोजेन तोडल्यावर ओसरेलच असे नाही. पण ग्राही नसेल तर तो उपाय बहुधा वायाच जातो. आज प्रत्येक गाठीची ही तपासणी करूनच डॉक्टर औषध ठरवितात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निरोगी शरीरात इस्ट्रोजेन रोगाचा धोका वाढविते तरी कसे? ते विष नव्हे. हाडांच्या मजबुतीपासून गर्भधारणेपर्यंत अनेक कामांना ते लागते. पण स्तनातील पेशींना ते ‘वाढा, विभागा’ असा हुकूम देते. पेशी विभागताना तिच्यातील डी.एन.ए.ची संपूर्ण नक्कल करावी लागते. या ग्रंथात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत, आणि प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक वडिलांकडची. मित्राची वही उतरवून घेताना तुमच्याकडून चुका होतात की नाही? वह्या जितक्या जास्त, तितक्या चुका जास्त. नेमक्या वाढीला लगाम घालणाऱ्या मजकुरातच काही चुका एकापाठोपाठ एक पडल्या, तर त्या पेशीचा वंश बेबंद वाढू लागतो. हाच कर्करोग.

इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवले होते की, मठांत राहणाऱ्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांहून अधिक होतो. मुंबईत १९६३ साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने देशातील पहिली कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तिच्यातही शहरातील पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षा बराच जास्त आढळला. या समाजात विवाह उशिरा होतात व मुले थोडी असतात. पहिल्या बाळंतपणात स्तनातील पेशी पक्व होतात आणि मग त्यांची विभागण्याची प्रवृत्ती कमी होते. अंगावर पाजण्याच्या काळात तर पाळीही लांबते.

२००२ साली ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून यातील आकडे काढले गेले. प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. दोन मुले व एकूण तीन वर्षे पाजणे असा हिशेब करा. ०.९३ दोनदा आणि ०.९५७ तीनदा गुणा, उत्तर ०.७६ येईल. म्हणजे धोका मूळच्या सुमारे तीन चतुर्थांश. टक्क्यांची नुसती बेरीज करू नका, चक्रवाढ व्याजासारखे गुणायचे असते. तसेच पाळी जितकी लवकर सुरू होईल व जितकी उशिरा जाईल, तितका धोका थोडा थोडा वाढतो. हे सारे हजारो स्त्रियांच्या सरासरीचे आकडे आहेत. एखाद्या मूल नसलेल्या स्त्रीला रोग झाला, तर तो ‘त्यामुळेच’ झाला असे म्हणण्याचा अधिकार ते कोणालाही देत नाहीत. आपल्याकडे असे बोलणारे पुष्कळ भेटतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

मग सरळच विचारता येईल की, ज्या स्त्रीच्या रक्तात इस्ट्रोजेन अधिक, तिला धोका अधिक का? विचारणे सोपे, मोजणे महाकठीण. पाळी गेल्यानंतर स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात साधारण १० पिकोग्रॅम इस्ट्रॅडिऑल असते. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. इतके सूक्ष्म वजन कोणत्या तराजूत घालणार? (पण अव्होगाड्रोचा अंक वापरून पाहा. एवढ्याशा द्रव्यातही दोन हजार कोटींहून जास्त रेणू भरतात!)

येथे पुन्हा एक पदार्थवैज्ञानिक मदतीला आली. रोझलिन यॅलो यांची डॉक्टरेट अणुकेंद्रविज्ञानातली. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात त्यांनी डॉ. सॉलोमन बर्सन यांच्यासह १९५० नंतरच्या दशकात एक युक्ती शोधली. समजा, एका एस.टी. गाडीत शंभर जागा आहेत आणि लाल टोपी घातलेले शंभर प्रवासी ठरलेलेच आहेत. आता त्यांच्यात बिनटोपीचे किती तरी लोक मिसळले आणि सर्वांनी एकदम धाव घेतली. गाडी सुटल्यावर आत लाल टोप्या पन्नासच दिसल्या, तर बाहेरून आलेले लोक साधारण शंभर होते हे न मोजताच कळते. जागा म्हणजे प्रतिपिंडे, लाल टोपीवाले म्हणजे किरणोत्सर्गी खूण केलेले संप्रेरक, आणि बिनटोपीचे म्हणजे रुग्णाच्या रक्तातले. लाल टोप्या मोजायचे काम किरणोत्सर्ग मोजणारा गणक करतो. यॅलो यांना यासाठी १९७७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते, त्यामुळे ते या सन्मानाला मुकले.

ही मोजणी हाती आल्यावर अनेक देशांत एक धीराचे काम सुरू झाले. पाळी गेलेल्या निरोगी स्त्रियांचे रक्त घेऊन ते गोठवून ठेवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. २००२ साली अशा नऊ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. पुढे रोग झालेल्या ६६३ आणि न झालेल्या १७६५ स्त्रियांचे जुने नमुने तपासले गेले. इस्ट्रॅडिऑलची पातळी सर्वांत जास्त असलेल्या पाचव्या हिश्श्यातील स्त्रियांना, सर्वांत कमी असलेल्या पाचव्या हिश्श्याच्या दुप्पट धोका निघाला. सगळ्या आकड्यांतून एक सुटसुटीत सूत्रही मिळाले. पातळी दुप्पट झाली की धोका १.२९ पट होतो. हे सूत्र ध्यानात ठेवा, त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता दुसरा धागा, अनुवंशाचा. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या घराण्यातील चार पिढ्यांची वंशावळ १८६६ साली प्रसिद्ध केली, तीत स्तनाच्या कर्करोगाने मेलेल्या स्त्रिया जागोजागी होत्या. पण घराण्यात चालत येते ते सारेच अनुवंशिक नसते. जेवणखाण, राहणी, चालीरीती याही घराण्यातच चालत येतात. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी १९७० नंतरच्या दशकात यामागे एखादे जनुक आहे का, याचा शोध आरंभिला, तेव्हा इतक्या गुंतागुंतीच्या रोगामागे एक जनुक असेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. त्यांनी २३ मोठी कुटुंबे घेतली. त्यांत मिळून १४६ जणांना हा रोग झालेला होता. गुणसूत्रांवरील ओळखीच्या खुणांपैकी कोणती खूण रोगाच्या बरोबरीने पिढ्यांतून उतरते, हे त्या तपासत गेल्या. १९९० साली खूण सापडली, सतराव्या गुणसूत्रावर. तरुणपणी रोग होणाऱ्या कुटुंबांत हा मेळ निव्वळ योगायोगाचा नसावा, याचे माप लॉगरिथममध्ये ५.९८ आले. तुमच्या कोष्टकातून याचा प्रतिलॉग काढा. सुमारे साडेनऊ लाखांस एक! १९९४ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले. त्याचे नाव बी.आर.सी.ए.-१. पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरील बी.आर.सी.ए.-२ सापडले. (ते शोधणाऱ्या कंपनीने या जनुकांवर पेटंटही घेतले होते. निसर्गात असलेल्या जनुकावर कोणाची मालकी असू शकत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. माझ्या मते उशिरा, पण योग्य.)

ही जनुके मुळात घातक नाहीत. तुटलेला डी.एन.ए. जोडणाऱ्या प्रथिनांची ती कृती आहे. डी.एन.ए.चे दोन्ही धागे एकदम तुटतात तेव्हा ही प्रथिने दुरुस्तीला धावतात. जन्मतःच एक प्रत बिघडलेली असेल आणि पुढे स्तनातील एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, तर त्या पेशीतील दुरुस्तीचे काम बंद पडते. अशी बिघडलेली प्रत असलेल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे सत्तर जणींना ऐंशी वर्षे वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. मात्र स्तनाच्या सर्व कर्करोगांपैकी असे अनुवंशिक रोग पाच ते दहा टक्केच आहेत. आणखी एक गोष्ट. ही प्रत आईकडून येते तशीच वडिलांकडूनही येते, आणि मुलगा-मुलगी दोघांकडेही जाण्याची शक्यता निम्मी निम्मी असते. म्हणून डॉक्टरांनी घराण्याची चौकशी केली तर आत्या आणि आजी यांची नावेही सांगायची असतात. आपल्याकडे नुसती आई व मावशी यांचीच आठवण काढली जाते.

येथे जनुक आणि संप्रेरक यांची गाठ पडते. बी.आर.सी.ए.-२ ची तीच बिघडलेली प्रत पुरुषाकडे असेल, तर त्याला हा रोग होण्याची शक्यता शंभरात सहा-सातच. होय, पुरुषांनाही हा रोग होतो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. जनुक एकच, पण त्याच्या भोवतीचे शरीर आणि संप्रेरके वेगळी. किंग यांनीच २००३ साली न्यूयॉर्क भागातील ज्यू कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेले जनुक असलेल्या स्त्रियांपैकी १९४० पूर्वी जन्मलेल्यांत पन्नाशीच्या आत रोग होण्याचे प्रमाण २४ टक्के होते, नंतर जन्मलेल्यांत ६७ टक्के. एका पिढीत जनुक काही बदलत नाही. बदलते ते आयुष्य.

अशी ठळक बिघाडाची जनुके थोड्यांतच असतात. पण डी.एन.ए.मधील एखाद्या अक्षराचा साधा फरक तुमच्या-माझ्यात लाखो ठिकाणी असतो. यांतल्या काही फरकांमुळे कोणाच्या शरीरात इस्ट्रोजेन जरा जास्त तयार होत असेल का? पाळी गेल्यावर अंडाशय काम थांबवितात, तरी इस्ट्रोजेन पूर्ण संपत नाही. चरबीच्या पेशींत ॲरोमटेज नावाचे विकर असते, ते टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रॅडिऑल करते. टेस्टोस्टेरॉनमध्ये कार्बनचे १९ व हायड्रोजनचे २८ अणू असतात, इस्ट्रॅडिऑलमध्ये १८ व २४. एवढ्याशा फरकाने केवढी उलथापालथ! वजन फार वाढलेल्या वयस्क स्त्रियांत या रोगाचा धोका अधिक असतो, त्याचे हे एक मोठे कारण.

या विकराचे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर आहे. २००७ साली त्यातील अक्षरभेदांचा एक मोठा अभ्यास झाला. अमुक भेद असणाऱ्या वयस्क स्त्रियांच्या रक्तात इस्ट्रोजेन खरोखरच १० ते २० टक्क्यांनी जास्त निघाले. ५३५६ रुग्ण आणि ७१२९ निरोगी स्त्रिया यांची तुलना केली, तेव्हा मात्र रोगाशी या भेदांचा काहीच संबंध दिसेना! जनुकाने संप्रेरक वाढते, संप्रेरकाने धोका वाढतो, आणि तरी जनुकाने धोका वाढत नाही. हे कसे?

आपले सूत्र काढा. पातळी १५ टक्क्यांनी वाढली असे धरू. १.१५ पाच वेळा गुणले की २.०१ येतात. म्हणजे पंधरा टक्क्यांच्या पाच पायऱ्या चढल्या की एक दुप्पट होते. मग एका पायरीने धोका किती वाढेल? जी संख्या पाच वेळा गुणल्यावर १.२९ होईल तेवढा. करून पाहा, ती १.०५ हून किंचित मोठी येते. म्हणजे वाढ अवघी पाच टक्के. आणि पाच-सात हजार लोकांच्या अशा मोजणीत निव्वळ योगायोगाने अडीच-तीन टक्क्यांची चढउतार होतच असते. प्रयोगशाळेत मिलिमीटरच्या पट्टीने केसाची जाडी मोजायला बसावे, तसे झाले हे. धोका नव्हताच असे नव्हे, तो त्या पट्टीत दिसण्याजोगा नव्हता. संशोधकांनी स्वतःही बदलाचे हे परिमाण अपुरे असल्याचा निष्कर्ष काढला. गर्भाशयाचे अस्तर इस्ट्रोजेनला अधिक हळवे असते. या अस्तराच्या कर्करोगाशी याच जनुकातील भेदांचा संबंध पुढे दिसून आला.

२०१७ सालापर्यंत पट्टी पुष्कळ बारीक झाली. लाखाहून अधिक रुग्णांच्या तपासणीतून स्तनाच्या कर्करोगाशी निगडित अशा दीडशेहून अधिक जागा डी.एन.ए.वर सापडल्या. एकेक जागेचा वाटा अगदी थोडा, पण सर्वांची बेरीज केली की सर्वांत वरच्या एक टक्का स्त्रियांत धोका मधल्या स्त्रियांच्या तिप्पट-चौपट भरतो. या बेरजा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून केलेल्या असल्याने भारतीय स्त्रियांना त्या जशाच्या तशा लावता येत नाहीत.

जनुकाने ॲरोमटेजची कळ पंधरा टक्के फिरविली तर फारसे काही होत नाही. पण ती जवळजवळ बंदच केली तर? ॲनॅस्ट्रोझोल हे औषध नेमके हेच करते. रोग न झालेल्या, पण धोका जास्त असलेल्या व पाळी गेलेल्या ३८६४ स्त्रियांवर याची चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना औषध दिले, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. त्या चाचणीचे पहिले निष्कर्ष सुमारे पाच वर्षांच्या पाहणीनंतर २०१३ च्या अखेरीस जाहीर झाले. पोकळ गोळ्या घेणाऱ्या ८५ जणींना रोग झाला, औषध घेणाऱ्या ४० जणींना. आता पातळी औषधाने साधारण एक दशांशावर आली असे धरून आपल्याच सूत्राने हिशेब करा. दहापट म्हणजे ३.३२ वेळा दुप्पट, आणि १.२९ चा ३.३२ वा घात २.३३. म्हणजे शंभर रोग्यांच्या जागी ४३ उरायला हवेत. चाचणीत उरले ते ४७. आयुष्यभराच्या पातळीवरून काढलेले सूत्र पाच वर्षांच्या औषधाला इतके नेमके लागू पडावे, यात थोडा योगायोगही असेल. पण प्रश्नातला आकडा आणि निसर्गातला आकडा एकाच रांगेत येऊन बसले आहेत, हे मात्र खरे.